हौशीरामाचा रस्ता, बयाबाईची न्हाणी

"एकदा रस्ता होऊ द्या, मग बघा."

काही माणसांच्या तोंडी जसा 'राम राम' बसलेला असतो, तसं हे वाक्य हौशीरामाच्या तोंडी बसलं होतं. चहात साखर कमी पडली, एकदा रस्ता होऊ द्या. पत्रा गळायला लागला, एकदा रस्ता होऊ द्या. म्हैस आटली तरी रस्ताच. बयाबाई चुलीपुढे भाकरी थापत बसलेली असायची. हे वाक्य कानावर आलं की तिचा हात परातीत जरा जोराने पडायचा. भाकरीच्या त्या आवाजावरून शेजारच्या रखमाजीला कळायचं, की आज हौशीरामाचा टेम्पो भरलेला नाही आणि तो घरीच आहे.

घर पेठ गावाच्या पुढे, पुणे-नाशिक रस्त्याला अगदी खेटून. खेडचा घाट चढून आलेले ट्रक इथवर येईपर्यंत तापलेले असायचे. बॉनेटमधून वाफ निघायची. ड्रायव्हर खाली उतरायचे, हातात कॅन घ्यायचे, आणि घराला वळसा घालून मागच्या विहिरीवर पाण्याला जायचे. बयाबाईच्या सासऱ्याने हयातीत कुणाला पाणी नाही म्हटलं नव्हतं. तो रिवाज मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. म्हणजे घराच्या पुढून रस्ता, मागून ड्रायव्हर, आणि मधोमध बयाबाईचा संसार.

आणि त्या संसाराला न्हाणी नव्हती.

न्हाणी म्हणजे तरी काय, चार भिंती, एक दार, पाणी जायला एक मोरी. राजवाडा कुणी मागत नव्हतं. पण बयाबाईच्या नशिबी आले होते बांबूचे दोन तट्टे, वर टेम्पोची फाटकी ताडपत्री आणि पुढे लोंबणारं गोणपाट. वारा सुटला की एका हाताने गोणपाट धरायचं आणि दुसऱ्या हाताने तांब्या. तांबडं फुटायच्या आधी उठलं तरी सुटका नव्हती, कारण ट्रकला ना रात्र असते ना पहाट. अंगाला साबण लावलेला असायचा आणि बाहेरून आवाज यायचा, "मावशी, दोर कुठे आहे?" बयाबाई आतून ओरडायची, "आडावरच हाय, डोळे हायत ना?" आणि मनात म्हणायची, डोळे आहेत हेच तर दुखणं आहे.

ती कंटाळली होती. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिने दुधाच्या पैशातून विटा आणून विहिरीच्या वाटेवर रचून ठेवल्या. पेठेच्या जानकू गवंड्याला सांगावा धाडला. जानकू म्हणाला, "वैनी, येत्या सोमवारी पाया खणतो."

त्या सोमवारच्या आधीच रस्तामोजणीवाले आले.

तिघे जण होते. एक साहेब, दोन माणसं साखळी धरणारी. तीन पायांवर दुर्बीण उभी करून ते कधी घराकडे बघत, कधी विहिरीकडे. हौशीरामाने त्यांना ओट्यावर बसवलं, चहा पाजला, आणि जाताना त्यांनी घर आणि विहीर यांच्या मधोमध गुडघाभर उंचीचा एक दगड पुरला. दगडावर रंगाने तांबडा बाण काढला. साहेब म्हणाले, "रस्ता चार पदरी होणार. इथपर्यंत येणार."

"मग घर?" बयाबाईने दारातून विचारलं.

"घर रस्त्यात," साहेब म्हणाले आणि कपातला उरलेला चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या कुठल्या घरात रडारड झाली असती. हौशीरामाच्या चेहऱ्यावर मात्र असं काही ऊन पडलं, की जणू पोरीचं लग्न ठरलं. कारण रस्ता हे त्याच्या जिवाचं दुखणं होतं. त्याचा चारशेसात टेम्पो होता. नारायणगावच्या बाजूचा टोमॅटो, आळेफाट्याचा कांदा, कुणाची फुलं, कुणाची कोथिंबीर असं भरून तो पुण्याच्या बाजाराला न्यायचा. त्या दोन हात डांबरावरून नाशिककडचा माल खाली यायचा, चाकणचा माल वर जायचा, आणि मध्ये घाटात एखादा ट्रक आडवा झाला की सगळा मुलूख थांबायचा. टेम्पोत मागे टोमॅटोची खोकी. खालच्या खोक्यातून रस गळायला लागला की तो रस्त्यावर थेंब थेंब पडताना हौशीराम आरशात बघायचा. त्याला ते रक्तच वाटायचं. शेतकऱ्याने पोरासारखा वाढवलेला माल, आणि बाजारात पोचेपर्यंत त्याची चटणी.

म्हणून त्याला रस्त्याचे फायदे तोंडपाठ होते. ओट्यावर कुणी टेकायचा अवकाश, तो सुरू.

"आता टोमॅटो हिरवा तोडतो आपण. का? तर लाल तोडला की वाटंतच फुटतो. रस्ता झाल्यावर लालच तोडायचा! झाडावर पिकलेला! पुण्याची बाई चाखून म्हणंल, हा कुठला टोमॅटो? डिझेल वाचंल, टायर वाचतील, स्प्रिंगचे पाटे तुटायचे थांबतील. एका दिसात दोन खेपा. गुजरातचा व्यापारी आपल्या बांधावर येईल गाडी घेऊन. आपल्या पोरांना चाकणला कामाला जाऊन सांजंला घरी भाकरी खायला येता येईल. हा रस्ता न्हाई राव, नळ हाय नळ. सोडला की गावात पैका वाहतोय."

"आणि न्हाणी?" आतून बयाबाई विचारायची.

"अगं, रस्त्यात जाणाऱ्या घराला न्हाणी बांधून काय करू? बुलडोझरवाल्याला अंघोळ घालू? भरपाई येईल, मागल्या वावरात नवं घर बांधू, आत टाइल्सची न्हाणी करू तुला. एकदा रस्ता होऊ द्या, मग बघा."

रखमाजी हा शेजारी फार हिशोबी. तो म्हणायचा, "येडा हायेस का हौशा? बांध की न्हाणी. बांधकाम जास्त असंल तर भरपाई जास्त मिळती."

"सरकारला फसवू?" हौशीराम ताडकन उठायचा. "देशाचा रस्ता होतोय रखमाजी, आन मी त्यात विटा घालून पैसे काढू?"

बयाबाईला नवऱ्याच्या या सरळपणाचा अभिमानही होता आणि त्याच सरळपणाने तिचं डोकंही फिरायचं. माणूस दारू प्यायला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

जानकू गवंडी सोमवारी आला तसाच परत गेला. रचलेल्या विटा हळूहळू कमी झाल्या. दोन विटा ट्रक मागे सरकू नये म्हणून चाकाखाली गेल्या, चार कुणी चूल मांडायला नेल्या, काही कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या. दोन पावसाळे गेले. रस्त्यावर चार पदर काही आले नाहीत. खड्डे मात्र आले.

आता त्या दगडाचं ऐका.

बाकीच्यांच्या रानात पुरलेले असलेच दगड वर्षभरात नाहीसे झाले. कुणाच्या दारात पायरी झाली, कुणाच्या मोरीवर धुणं आपटायला गेला. रखमाजीने तर त्याच्या दगडावर खलबत्त्यासारखी मिरची कुटली. हौशीरामाने मात्र आपला दगड जपला. दिवाळीला घर सारवलं, भिंतींना चुना दिला, की तो गेरू कालवायचा आणि दगडावरचा बाण ठळक करायचा. साहेब परत आले तर खूण सापडली पाहिजे. पण गेरू पावसात वाहून जायचा. एका दिवाळीला रखमाजी म्हणाला, "तेलात शेंदूर कालवून लाव. पावसाच्या बापाला जायचा नाय."

बयाबाई तेव्हा अंगणात रांगोळी काढत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, शेंदूर नका लावू. देव होतो त्याचा."

"देव व्हायला अंगात देवपण लागतं," हौशीराम म्हणाला. "हा सरकारी दगड हाय."

आणि त्याने शेंदूर लावला. बाण काढता काढता तेलाचा ओघळ खाली आला, तो पुसायला गेला तर पसरला, मग सगळंच सारखं दिसावं म्हणून त्याने अख्ख्या दगडाला हात फिरवला. संध्याकाळी उन्हात तो दगड असा झळकला, की बयाबाईने नकळत पदर डोक्यावर घेतला आणि मग स्वतःवरच चिडली.

पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. पाण्याला येणाऱ्या ड्रायव्हरांची वाट त्या दगडावरूनच होती. घाट चढून आलेला माणूस, गाडी कशीबशी वर आणलेली, आणि समोर शेंदूर माखलेला दगड. हात आपोआप जोडले जाणार नाहीत तर काय? आधी कुणी फूल ठेवलं. मग कुणी उदबत्ती लावली. मग एक दिवस कुणी नारळ फोडला, आणि अर्धी वाटी बयाबाईच्या हातावर ठेवून म्हणाला, "मावशी, घाटातल्या म्हसोबाचा प्रसाद."

हौशीराम टेम्पोखाली पाटा बदलत पडला होता. तो तिथून ओरडला, "ए पावणं! म्हसोबा न्हाई तो! हायवेचा दगड हाय!"

"हायवेचाच म्हसोबा की," ड्रायव्हर म्हणाला. "आमी पण हायवेचंच."

"अरे बाबा, चार पदरी रस्ता व्हणार हाय, त्याची खूण हाय ती!"

"काका, चार पदरी व्हईल तवा व्हईल. आज ह्यानं गाडी वर आणली." ड्रायव्हरने हात जोडले, कॅन उचलला आणि गेला.

हौशीराम टेम्पोखालून बाहेर आला, तोंडाला ग्रीस, हातात पाना. बयाबाईने खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. "खावा. सरकारी खोबरं हाय."

त्याने खाल्लं नाही. पण दुसऱ्या दिवशी आमटीत घातलं तेव्हा खाल्लं.

वर्षं गेली. कुणी दगडाला तांबडं निशाण बांधलं, कुणी वर पत्र्याचा आडोसा केला, कुणा पंजाबी ड्रायव्हरने घंटा आणून टांगली. हौशीराम प्रत्येकाशी भांडायचा. प्रत्येकाला बसवून रस्त्याचे फायदे सांगायचा, आणि ते सगळं ऐकून माणूस जाता जाता घंटा वाजवायचाच. बयाबाईच्या गोणपाटापासून ती घंटा हाकेच्या अंतरावर. अंघोळ करावी आणि शेजारी टण्ण! ती कपाळावर हात मारायची. एकाला दगडात रस्ता दिसतो, दुसऱ्यांना दगडात देव दिसतो, आणि दगडाशेजारी बाई उघड्यावर अंघोळ करते ती कुणालाच दिसत नाही. दिसते तेव्हा नको तेवढी दिसते.

एका वर्षी, सुगीच्या दिवसांत, हौशीराम भर दुपारी दुसऱ्याच्या ट्रकमधून घरी आला. सदऱ्याची बाही फाटलेली, तोंडावर धूळ. खेडच्या घाटात उतरताना टेम्पोचे ब्रेक गेले होते. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. टोमॅटोचा सडा पडला, पण तो वाचला. बयाबाई पाणी आणायला आत गेली. खिडकीतून तिने बघितलं, तर हौशीराम विहिरीच्या वाटेवर उभा. कुणी ठेवून गेलेला नारळ त्याने उचलला, दगडावर फोडला, आणि बराच वेळ तो तिथे वाकलेलाच राहिला.

बयाबाई पाणी घेऊन बाहेर आली. "काय करत व्हता?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "नारळ नासत व्हता."

ते तिने पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

अश्विनी, त्यांची एकुलती एक पोर, त्या गोणपाटामागेच वाढली. शहाणी झाल्यावर ती शाळेतून मैत्रिणीच्या घरी अंघोळ करून यायची. लग्न होऊन मंचरला गेली तेव्हा पहिल्या सणाला माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी परत निघाली. "आई, तिकडं दाराला आतून कडी हाय गं," एवढंच बोलली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. विहीणबाई बघायला आल्या. मागे गेल्या, तट्टे बघितले, गोणपाट बोटाने उचलून बघितलं, तेवढ्यात एक क्लीनर कॅन घेऊन शेजारून गेला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला नि बाळाला न्हाऊ कुठं घालणार? ट्रकवाल्यांच्या पंगतीत?"

श्रेया मंचरलाच जन्मली. बयाबाईने डिंकाचे लाडू एसटीने नेले, नातीला दुसऱ्याच्या न्हाणीत दुसऱ्या बाईच्या हातांनी न्हाताना दारातून बघितलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. त्या रात्री तिने हौशीरामाशी भांडण केलं नाही. भांडायला समोरचा आपला वाटावा लागतो.

दोन हजार आठ साली अश्विनीला पुन्हा दिवस गेले. ती फोनवर म्हणाली, "आई, ह्या टायमाला मला तुझ्याकडंच यायचंय. सासूबाई नाय म्हणणार न्हाईत. पण न्हाणी..."

"व्हईल," बयाबाई म्हणाली. "दिवाळीच्या आत व्हईल."

हौशीराम ओट्यावरून म्हणाला, "अगं, थांब की जरा. तिकडं चाकणकडं बघ, रस्ता कसा रुंद झाला. मी परवा गेलो तर सकाळच्या बाजाराला पोचलो, एक टोमॅटो फुटला न्हाई. आता आपल्याकडं येणारच. एकदा..."

बयाबाईने हातातलं लाटणं त्याच्या दिशेने रोखलं. ते वाक्य पहिल्यांदाच अर्धं राहिलं.

आणि मोजणीवाले खरंच आले. पावसाळा सरताना, एका सकाळी, पांढरी गाडी दारात थांबली. या वेळी दुर्बिणीऐवजी मशीन होतं, साहेब तरुण होता, बरोबर लोखंडी खुंट्या घेतलेले चार मजूर. हौशीराम धुतलेली टोपी घालून पुढे झाला. साहेब म्हणाला की आधीच्या मोजणीच्या खुणा सापडत नाहीत, सगळ्या लाइनीवर एकही दगड जागेवर नाही. हौशीरामाची छाती फुगली. "माझा हाय! माझा दगड जागेवर हाय साहेब! चला दाखवतो." आणि तो त्याला विहिरीच्या वाटेवर घेऊन गेला.

साहेबाने बघितलं. पत्र्याखाली शेंदूर माखलेला दगड, निशाण, घंटा, उदबत्त्यांची राख, नारळाच्या करवंट्यांचा ढीग. दोन ड्रायव्हर हात जोडून उभे.

"हे देवस्थान आहे," साहेब म्हणाला.

"देवस्थान न्हाई साहेब, तुमचाच दगड हाय! चौऱ्याण्णव साली तुमच्याच लोकांनी पुरला!"

"काका, आमचे दगड असे नसतात." साहेब वैतागला. "देऊळ लाइनीत आलं की काय होतं माहितीये? गाव आडवं येतं, काम वर्ष वर्ष बंद पडतं." तो गोळा झालेल्या माणसांकडे वळला. "किती जुना आहे हा म्हसोबा?"

रखमाजी पुढे सरसावला. "माझ्या आज्याच्या आधीपासनंचा. लई कडक हाय."

"रखम्या!" हौशीराम किंचाळला. "खोटं बोलतोस? शेंदूर लावायला तूच सांगितलंस की मला!"

"मी देवाला शेंदूर लावायला सांगितलं," रखमाजी शांतपणे म्हणाला. "त्यात खोटं काय?"

हौशीराम गरकन बयाबाईकडे वळला. "अगं, तू सांग! तुझ्यासमोर पुरला! तू सांग साहेबांना!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बयाबाई गोणपाटाशेजारी उभी होती. तिला ठाऊक होतं, की खरं सांगितलं तर घर रस्त्यात, आणि रस्ता कधी येईल ते त्या साहेबालाही माहीत नाही. हौशीराम पुन्हा ओट्यावर बसून वाट बघेल, आणि अश्विनीचं बाळ पुन्हा मंचरच्या न्हाणीत न्हाईल. खोटं सांगितलं तर देवासाठी रस्ता सरकेल, घर वाचेल आणि आजच सगळं मिटेल. पण इतकी वर्षं ज्या माणसाने विटांचे चार पैसे सरकारकडून जास्त घ्यायला नकार दिला, त्याला चार लोकांत खोटं पाडायचं, हे तिच्याने होईना.

"दगड तुमचाच हाय साहेब," ती म्हणाली. "ह्यांचं खरं हाय. तुमच्या लोकांनी पुरला, ह्यांनी सांभाळला."

हौशीरामाने सुटकेचा श्वास सोडला.

"आता तुमचा हाय तर उचला," बयाबाई म्हणाली. "न्या घेऊन."

साहेबाने मजुरांना खूण केली. मजुरांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने पहार जमिनीवर टेकवली आणि म्हणाला, "साहेब, माझी बायकापोरं हायत." दुसरा चार पावलं मागे सरला. ड्रायव्हर पुढे येऊन उभे राहिले, अजून हात जोडलेलेच.

"मग आता?" साहेब हताश झाला.

"ज्यांनी सांभाळला ते काढतील," बयाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाली. "ह्यांच्या हिशोबानं तर साधा दगड हाय. घ्या पहार. काढा. मी आज बोलणार न्हाई काही. रस्ता येऊ द्या घरावरनं."

हौशीरामाने पहार घेतली. रागाने घेतली. दगडापुढे गेला, पाय रोवले, पहार वर उचलली. वरच धरली. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, म्हणजे बहुतेक तो घाट, ते डोंगराचं अंग, ती घासत जाणारी गाडी. घाम कानामागून खाली आला. विहिरीवरचा रहाट तेवढा वाऱ्याने कुरकुरत होता.

त्याने पहार हळूच खाली ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा वाटत नव्हता, "समोर पड जमीन हाय."

साहेबाने कपाळ पुसलं, मशीनमध्ये बघितलं, कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाला, "सरकवतो. तिकडे सरकवतो. देवा, काय लोक आहेत." मजूर खुंट्या उचलून रस्ता ओलांडून गेले.

सांजेपर्यंत हौशीराम ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसला. बयाबाईने चहा ठेवला, तो निवला. दुसरा ठेवला.

"एवढी वर्षं मी रस्त्याची वाट बघितली," तो शेवटी म्हणाला. "आन माझ्याच दारातनं त्याला हाकलला."

"हाकलला कुठं? समोरनं जातोय." बयाबाई त्याच्याशेजारी टेकली. "टोमॅटो काय तुमच्या ओट्यावरनंच जायला पायजे व्हता? पलीकडनं गेला तर फुटणार हाय का?"

हौशीरामाने मान वर केली. थोडा वेळ समोरच्या पड जमिनीकडे बघितलं. तिथे खुंट्यांना बांधलेल्या पांढऱ्या चिंध्या फडफडत होत्या.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई फुटणार." मग म्हणाला, "पण तिकडनं जायचं तर ओढ्यावर पूल मोठा लागंल. ह्या पोराला ठाऊक नसंल. पाणी कुठवर येतं ते सांगायला पायजे."

"सांगा उद्या."

"सांगतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकू गवंडी आला. केस पांढरे झाले होते, थापी तीच. नव्या विटा येऊन पडल्या होत्या. पाया आदल्या दिवशी साहेब गेल्यावर लगेच खणून झाला होता, रखमाजीने स्वतःहून दोन माणसं लावून दिली होती, का ते त्यालाच माहीत. दुपारपर्यंत विटांचे थर कमरेएवढे आले. बयाबाई मध्ये उभी राहून हाताने उंची बघत होती, बाळंतीण पाटावर बसली तर पाणी कुठे पडेल, शेकाची शेगडी कुठे ठेवायची.

पलीकडे पांढरी गाडी येऊन थांबली. हौशीराम ओट्यावरून उतरला, चपला पायात सरकवल्या आणि बयाबाईकडे न बघता रस्ता ओलांडला. भरलेला एक ट्रक हॉर्न देत त्याच्या अगदी जवळून गेला तसा त्याने त्यालाही हात उंचावून चार शब्द सुनावले. मग तो त्या तरुण साहेबाच्या मागे मागे चालू लागला. एका हाताने ओढ्याकडे दाखवत, दुसऱ्या हाताने धोतर सावरत, मध्येच थांबून साहेबाचा दंड धरत. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण साहेबाची मान ज्या कंटाळ्याने हलत होती त्यावरून काय चाललंय ते कळत होतं.

"वैनी," जानकूने विचारलं, "दार कुठल्या अंगाला काढू?"

कमरेएवढ्या भिंतीवर दोन्ही हात टेकून बयाबाई रस्त्यापलीकडे बघत होती. विहिरीवरून कॅन भरून आलेला एक ड्रायव्हरही तिच्या नजरेमागे बघत थांबला. चिंध्यांच्या रांगेतून हौशीराम चालत गेला, ओढ्याच्या उतारावर आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग धोतर, आणि शेवटी नुसता वर केलेला हात. जानकू चौकट हातात धरून तिच्या उत्तराची वाट बघत उभा होता.